बाटलीतलं रोप जांभ्यात रुजवताना

टिश्यू कल्चरची, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून लॅबमध्ये बाटलीत वाढवलेली रोपं पहिल्यांदा आणणाऱ्या माणसाला एकच धास्ती असते, रोपं वाळतील. म्हणून तो सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन उभा राहतो, आणि तिसऱ्या आठवड्यात रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात. मीही हेच केलं होतं. सागाच्या पहिल्या खेपेतली निम्म्याहून जास्त रोपं माझ्याच हातच्या पाण्याने गेली, आणि वर मी लॅबच्या नावाने बोटं मोडत बसलो. लॅबचा काही दोष नव्हता.

आपल्याकडे, म्हणजे रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत, ही रोपं वाळून मरण्यापेक्षा कुजून जास्त मरतात. घाटावरच्या माणसाने लिहिलेली माहितीपत्रकं वाचून पाणी द्यायला गेलात तर फसाल. इथे लक्षात ठेवायचं ते एवढंच : हवा ओली हवी, माध्यम (ज्यात रोप उभं असतं ते) नुसतं ओलसर.

आधी, काय आणताय ते बघा

साग आणि बांबू टिश्यू कल्चरने चांगले होतात. (बांबू खरं तर गवत, पण आपल्याकडे त्याचा हिशोब झाडातच होतो.) सागाचं तंत्र नवंही नाही, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यावर १९८० च्या आसपासच काम झालं होतं. आंबा आणि काजू मात्र या तंत्राला सहजासहजी दाद देत नाहीत. कापलेल्या तुकड्यातून चीक आणि रस पाझरतो, माध्यम काळं पडतं आणि तुकडा मरतो. म्हणून हापूस असो की काजूच्या वेंगुर्ला जाती, आजही त्या कलमानेच वाढवतात. ‘टिश्यू कल्चर हापूस’ म्हणून कोणी रोपं विकायला आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

रोप तीन अवस्थांत मिळतं. बाटलीतलं थेट, म्हणजे अगारमध्ये, जेलीसारख्या माध्यमात, उभं असलेलं. लॅबच्या शेडमध्ये महिनाभर काढलेलं, म्हणजे प्रायमरी हार्डनिंग झालेलं, बाहेरच्या हवेला थोडं सरावलेलं. आणि पिशवीत वाढवून लावणीला तयार झालेलं, म्हणजे सेकंडरी. बाटलीतलं सगळ्यात स्वस्त पडतं आणि सगळ्यात जास्त मरतं. पहिल्या वर्षी प्रायमरी घ्या. सोबत शंभरेक रोपं बाटलीतली घेऊन त्यांच्यावर हात बसवा. लॅब केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने मान्यता दिलेली आहे का, तेही विचारा. टिश्यू कल्चर रोपांसाठी अशी प्रमाणन व्यवस्था २००६ पासून आहे.

रोप मरतं का

हे कळलं नाही तर पुढचं सगळं नुसतं पाठांतर होईल, म्हणून इथे जरा थांबतो.

बाटलीतल्या माध्यमात क्षारांबरोबर साखर असते, साधारण लिटरला ३० ग्रॅम. मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ मध्ये तंबाखूसाठी बसवलेला क्षारांचा मेळ आजही बहुतेक लॅब वापरतात, त्यालाच एमएस माध्यम म्हणतात. मुळं फुटायच्या टप्प्यावर तो बहुतेक वेळा निम्म्या ताकदीचा करतात. रोपाला आयती साखर मिळते, त्यामुळे पानांना स्वतः अन्न करायची सवय नसते. आत हवा कायम ओली असते, त्यामुळे पानावर मेणाचा थर नीट चढत नाही. पानावरची रंध्रं उघडीच राहतात, गरज पडली तरी मिटत नाहीत. अशा रोपाला बाहेरच्या हवेत ठेवलं की तासाभरात मान टाकतं.

मुळांची गोष्ट आणखी फसवी. अगारमध्ये पांढरी, जाडसर मुळं दिसतात आणि आपण खूश होतो. पण त्यांच्यावर केसमुळं जवळजवळ नसतात आणि ती मातीतून पाणी ओढायला फारशी उपयोगी पडत नाहीत. कधी कधी तर कांडाच्या बुडाशी पेशींची गाठ तयार होते आणि मूळ त्या गाठीतून निघतं. मग मूळ आणि कांड यांच्यामधली पाणी नेणारी वाहिनी जोडलेलीच नसते. रोपाला चार मुळं असूनही ते तहानेलं राहतं.

थोडक्यात, बाटलीतून आलेली पानं आणि मुळं दोन्ही तात्पुरती. बाहेर आल्यावर नवं पान आणि नवं मूळ फुटेपर्यंतचे तीन-चार आठवडे रोपाला सांभाळून न्यायचं, एवढंच आपलं काम. त्या काळात जास्त पाणी दिलं तर ते प्यायला मूळच नसतं. पाणी माध्यमात साचतं, हवा कोंडते आणि बुरशी येते.

कॅलेंडर उलटं मोजा

लावणी मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. तिथून मागे या. पिशवीत आठ ते दहा आठवडे, म्हणजे एप्रिल-मे. त्याआधी टनेलमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या बुटक्या बोगद्यात, चार ते पाच आठवडे. म्हणजे बाटल्या फेब्रुवारीच्या अखेरीला हातात पडायला हव्यात. लॅबला कोंब वाढवायला काही महिने लागतात, त्यामुळे मागणी दिवाळीच्या आधीच नोंदवा. शिमगा झाला की फोन करणाऱ्याला उरलीसुरली रोपं मिळतात.

बरेच जण विचारतात, पावसाळ्यात बाटल्या का आणू नयेत? हवा तर आपोआप ओली असते. ती असते, पण जुलैत सलग आठ दिवस ऊन दिसत नाही, माध्यम सुकत नाही आणि बुरशीची जत्रा भरते. शिवाय तेव्हा तयार झालेलं रोप ऑक्टोबरच्या उन्हात लावावं लागतं. त्या महिन्यात जांभ्याचा सडा तव्यासारखा तापतो.

पाणी आणि कोकोपीट

माझ्या मते इथेच निम्मी लढाई आहे, आणि याबद्दल कोणी बोलत नाही.

खाडीजवळच्या किंवा किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मार्च-एप्रिलपासून मचूळ व्हायला लागतं. आपल्याला चव कळेपर्यंत रोपाला ते कधीच बाधलेलं असतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर स्वस्तात मिळतं, ते घ्या. ५०० च्या वर आकडा गेला तर ते पाणी ट्रेला घालू नका. वर जांभ्यातल्या विहिरीचं पाणी साधारण गोडं आणि हलकं असतं. टनेलसाठी दिवसाला दोन-चार कळश्या पुरतात, तेव्हा तेवढं आणायला हरकत नाही.

कोकोपीटचंही तसंच. नारळाचं सोडण खाडीच्या पाण्यात कुजवून काथ्या काढला असेल तर त्याच्या भुशात मीठ भरलेलं असतं. ओळखीच्या माणसाने फुकट दिला म्हणून थेट ट्रेमध्ये भरू नका. पाण्यात भिजवा, पूर्ण निथळू द्या, पुन्हा भिजवा, असं किमान तीन वेळा. शेवटच्या निथळलेल्या पाण्यात मीटर बुडवून बघा. आकडा तुमच्या साध्या पाण्याच्या जवळपास आला की भुसा धुतला गेला. जमलं तर एक रात्र कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात ठेवून परत धुवा, भुशाला चिकटून बसलेला सोडियम त्याने सुटतो.

ट्रेमध्ये धुतलेलं कोकोपीट तीन भाग आणि परलाइट (फुलवलेलं हलकं पांढरं खनिज) किंवा भाताचा जाळलेला तूस एक भाग. तुसाने माध्यमात हवा खेळती राहते. माती या टप्प्यावर नको.

बाटली उघडण्याचा दिवस

बाटल्या आल्या की दोन-तीन दिवस झाकण न काढता मांगरात (शेतावरच्या खोपीत), उजेडाच्या पण थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवा. प्रवासाने रोपं दमलेली असतात.

उघडायचं काम संध्याकाळी करा. बाटलीत थोडं पाणी घालून अगार सैल करा आणि रोपांचा झुबका हलकेच बाहेर घ्या. मग साध्या पाण्याच्या तीन टोपांतून ओळीने बुचकळत अगारचा कण न् कण धुऊन काढा. अगारमध्ये साखर आहे, मुळाला ती चिकटून राहिली की बुरशीला पंगतीचं आमंत्रणच. बोटांनी ओढू नका, मुळं तुटतात. रंगकामाचा मऊ ब्रश चांगला.

नंतर रोपं लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवायची. हातमोजे घाला.

आता निवड. तीन ढीग करा : मुळं चांगली असलेली, मुळं कमी किंवा गाठीतून आलेली, आणि बिनमुळांची. पानं काचेसारखी पारदर्शक, फुगीर दिसत असतील तर ती रोपं फेकून द्या. जीव तुटतो, पण ती जगत नाहीत आणि शेजारणींनाही घेऊन जातात. सागाच्या रोपाला कांडाच्या बुडाभोवती चहूबाजूंनी तीन-चार मुळं असतील तर ते अव्वल समजा. या रोपांना बियाण्याच्या रोपासारखं सोटमूळ नसतं, त्यामुळे मुळं एकाच बाजूला असतील तर झाड पुढे वाऱ्याला टिकत नाही. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत काय झालं ते ज्याने पाहिलं, त्याला हे वेगळं सांगायला नको.

मूळ फोडणं

पहिल्या ढिगातली मुळं लांब असतील तर कात्रीने दोन सेंटिमीटरवर छाटा. लांब मुळं ट्रेच्या खणात दुमडून बसतात. छाटलेल्या जागी नवी फुटतात.

दुसऱ्या ढिगातल्या रोपांची गाठ स्वच्छ ब्लेडने काढून टाका आणि त्यांना बिनमुळांच्या ढिगात मिसळा. त्यांना मूळ फोडायचं संजीवक लागतं, म्हणजे इंडोल ब्युटिरिक आम्ल, बोलीत आयबीए. ते पाण्यात थेट विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग पाणी घाला. १०० मिलीग्रॅम आयबीए १०० मिलीलिटर द्रावणात म्हणजे १,००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग).

मात्रा किती? जात, कोंबाचं वय, लॅबने आधी काय वापरलं, यावर ती बदलते, म्हणून लॅबला विचारा आणि शिवाय स्वतःही पडताळा. पन्नास-पन्नास कोंबांचे तीन गट करा : एक नुसत्या पाण्याचा, एक ५०० चा, एक १,००० चा. कोंबाचं बूड पाच-दहा सेकंद बुडवून लावा. एकविसाव्या दिवशी मोजा. एवढ्या उद्योगातून जे कळतं ते तुमच्या पाण्याला, तुमच्या हवेला लागू असतं.

जास्त घातलं तर जास्त मुळं, हा समज मात्र सोडा. संजीवकाने मुळाचा डोळा तयार होतो, पण तेच नंतर जास्त राहिलं तर मुळाची लांबी वाढू देत नाही आणि बुडाशी पुन्हा गाठ येते. म्हणूनच क्षणभर बुडवून काढायचं, भिजत ठेवायचं नाही.

बाटलीबाहेर, थेट माध्यमात फुटलेलं मूळ मला बाटलीतल्या मुळापेक्षा भरवशाचं वाटतं. त्याला सुरुवातीपासून केसमुळं असतात. लॅबचा एक टप्पा वाचतो तो वेगळाच.

लावताना बोटाने किंवा काडीने भोक पाडा, रोप ठेवा, अलगद दाबा. कोंबाचा शेंडा माध्यमाच्या वर राहिला पाहिजे. सागाला सपाट ट्रेपेक्षा रूट ट्रेनर, म्हणजे खोल खणांचा ट्रे, घ्या. त्याच्या आतल्या उभ्या रेघांमुळे मुळं गोल फिरत नाहीत, सरळ खाली उतरतात.

टनेल

बांबूच्या कामट्यांच्या कमानी, वर पातळ प्लास्टिक, उंची गुडघ्याएवढी. हे सगळं ७५ टक्के सावलीच्या शेडनेटखाली. नेट नसेल तर मांडवावर झावळ्या टाका. प्लास्टिकवर थेट ऊन पडलं तर आत दुपारी भट्टी होते. आत एक थर्मामीटर आणि आर्द्रतामापक टांगा. ३५ अंशांच्या वर गेलं तर प्लास्टिक उघडू नका. वरची सावली वाढवा आणि जमिनीवर, ट्रेच्या खाली, पाणी मारा.

पहिला आठवडा टनेल बंद. आतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास. प्लास्टिकच्या आतून थेंब जमलेले दिसले की पुरे. पाणी द्यायचं ते हाताने मारायच्या फवारणी पंपाच्या बारीक फवाऱ्याने, पानांवर, आणि तेही गरज असेल तरच. माध्यम मुठीत धरून दाबा : बोटांतून एखाद-दुसरा थेंब डोकावला तर ठीक, धार लागली तर पाणी जास्त झालं, काहीच आलं नाही तर द्या. सुरुवातीचे आठ दिवस झारी मांगरातच राहू दे.

आठव्या दिवसापासून टनेल उघडायला लागा, पण आधी रात्री. घाटावर सकाळी उघडायला सांगतात. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे दव पडतं, रात्रीची हवा दमट असते, त्यामुळे रोपाला बाहेरचं वारं शिकवायला रात्र सगळ्यात सोपी. आधी दोन तास, मग रात्रभर. पंधराव्या दिवसापासून सकाळचे दोन तास. दुपार सगळ्यात शेवटी. उघडल्यावर पानं मलूल झाली तर लगेच झाका आणि दुसऱ्या दिवशी वेळ निम्मी करा.

बाटलीत आलेली पानं पिवळी पडून गळतील. घाबरू नका. शेंड्याला नवं पान फुटलं का एवढं बघा. ते जाडसर, खरखरीत असेल तर काम झालं. रोप दोन बोटांत धरून अगदी हलकं वर ओढा, ते माध्यमाला धरून बसलं असेल तर खाली मूळ आलंय.

खत पहिले दहा दिवस नको. नंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

कूज आणि गोगलगाय

एखादं रोप बुडाशी काळं पडलं की ते त्याच्या खणातल्या माध्यमासकट उचला, दूर नेऊन पुरा, आणि शेजारच्या खणांना कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम द्या. ट्रायकोडर्मा, रोगाच्या बुरशीला रोखणारा, माध्यमात आधीपासून मिसळायचा असेल तर चांगलंच, पण तो स्वतः बुरशी आहे. रासायनिक बुरशीनाशक दिल्यावर किमान पंधरा दिवस तो घालू नका. हे अनेकांच्या ध्यानात येत नाही, एका हाताने पेरतात आणि दुसऱ्याने मारतात.

पाऊस लागला की गोगलगायी येतात. एका रात्रीत ट्रेभर कोवळे शेंडे साफ. चुना टाकून काही होत नाही, दोन सरींत वाहून जातो. बॅटरी घेऊन रात्री नऊनंतर फिरायचं आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात वेचून टाकायच्या. ट्रे जमिनीवर न ठेवता मांडवावर ठेवले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

पिशवी

दोन भाग लाल माती, एक भाग रेती, एक भाग नीट कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. रेती नदीची, गोड्या पाण्याची. समुद्राची किंवा खाडीची नको, कितीही धुतली तरी नको. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि तिच्यातलं लोह-ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं, मुळांना तो सहज मिळत नाही. त्यामुळे मायकोरायझा, म्हणजे मुळाला स्फुरद मिळवून देणारी मित्रबुरशी, इथे पैसे वसूल करून देतो. तो मुळाला चिकटेल असा, रोप बसवतानाच भोकात टाका.

पिशव्या आधी ५० टक्क्यांच्या नेटखाली. मेच्या मध्यापासून सकाळचं ऊन लागेल अशा सरकवा. वळवाच्या पावसात पिशवीत पाणी तुंबत नाही ना ते बघा, बुडाला भोकं कमी असतील तर खिळ्याने वाढवा.

जमिनीत

खड्डे एप्रिलमध्येच खणून तापू द्या. कातळ असेल तर दोन-दोन फूट लांब-रुंद-खोल तरी हवेत, आणि खड्ड्याच्या बुडाला पाणी निघून जायला फट सापडते का ते बघा. साग पाणथळ सोसत नाही. भाताच्या खाचरात सागाची स्वप्नं बघू नका. खड्डा भरताना माती जमिनीपेक्षा जरा उंच ठेवा, पावसाने बसली की समपातळीवर येते. पिशवी फाडून गोळा न मोडता ठेवा. आधाराची काठी पश्चिमेच्या बाजूला लावा, जून-जुलैचा वारा तिकडूनच येतो.

बांबूला कुंपण आधी, लावणी नंतर. भातकापणी झाली की गुरं मोकाट सुटतात, आणि बांबूचे कोवळे कोंब त्यांना फार आवडतात. सागाच्या खरखरीत पानाच्या वाटेला ती सहसा जात नाहीत. दोघांनाही धोका आहे तो वणव्याचा. डिसेंबरपर्यंत गवत कापून वाडीभोवती तीन-चार हात रुंद पट्टा साफ करा आणि कापलेलं गवत रोपाभोवती आच्छादन म्हणून घाला, फक्त बुडापासून वीतभर लांब. बुडाला टेकलं तर वाळवी चढते.

पाऊस थांबल्यावर पाणी कधी द्यायचं, याचं उत्तर रोपालाच विचारा. दिवाळीच्या सुमारास एका रोपाच्या बाजूची माती हाताने उकरा. पिशवीच्या गोळ्याबाहेर वीतभर मुळं गेली असतील तर आठवड्याला एक कळशी पुरते. ती गोळ्यातच घुटमळत असतील तर चार दिवसांनी अर्धी-अर्धी द्या आणि महिन्याने पुन्हा उकरून बघा.